वाकून परत येणारं पोलाद

पावसाळा सरला की उपनगरांत रस्त्यांची डागडुजी सुरू होते, आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर एक दृश्य हमखास नजरेस पडतं. एखादी जुनी जीप नाहीतर बोलेरो कॅम्पर, तिच्या हुकाला अडकवलेला रस्ता फोडायचा काँप्रेसर, गाडीचा मागचा भाग टायरांवर बसलेला आणि बॉनेट वर उचललेलं. रात्री अशी गाडी समोरून आली की तिचे दिवे थेट डोळ्यांत येतात. ड्रायव्हरवर चिडण्याआधी एक लक्षात घ्यावं, त्याने अप्पर लावलेला नसतो. दिवे डिपरवरच असतात, गाडीच कललेली असते.

हे कलणं इतकं रोजचं आहे की त्याकडे कुणी थांबून बघत नाही. पण त्या गाडीच्या खाली वाकून डोकावलं तर तिथे जे चाललेलं असतं ते अद्भुत आहे. काही किलो पोलाद आपल्यापेक्षा कितीतरी पट जड गाडी पेलून धरतं, दर खड्ड्याला वाकतं आणि दर वेळी जिथल्या तिथे परत येतं. वर्षानुवर्षं, लाखो वेळा. ओढायचं ओझं वाढलं की या पोलादाचं काय करायचं, हा प्रश्न गॅरेजमध्ये रोज विचारला जातो. त्याचं उत्तर शोधताना भौतिकशास्त्राचे फार सुंदर नियम हाताला लागतात.

आधी ओझ्याचाच हिशेब बघू. दीड टनाचा ट्रेलर घ्या. त्याचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण नीट लादलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीतून ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यायलाच हवा. तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि गाडीलाही सोबत ओढतो. म्हणजे हुकावर आले दीडशे किलो. ऐकायला हे काहीच नाही, दोन धिप्पाड माणसं मागच्या सीटवर बसली तरी एवढं वजन होतं. पण हूक मागच्या चाकांच्या वर नसतो, त्यांच्याही मागे असतो. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर 2680 मिलिमीटर. हूक मागच्या ॲक्सलपासून 90 सेंटीमीटर मागे आहे असं धरलं, तर सगळी गाडी एक तरफ होते आणि मागचा ॲक्सल तिचा टेकू. मागे दाब पडला की पुढचं टोक वर. गणित मांडलं तर पुढच्या चाकांवरचं सुमारे 50 किलो वजन उचललं जातं आणि मागे येऊन पडतं. हुकावर ठेवलेले 150 किलो मागच्या स्प्रिंगांपर्यंत पोचतात ते 200 किलो होऊन! वजन वाढलेलं नाही, फक्त जागा बदलली आहे, आणि तेवढ्याने मागच्या चाकांचा भार हुकावरच्या ओझ्याहून एकतृतीयांशाने जास्त झाला.

आता त्या दिव्यांकडे येऊ. समजा प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगला एक सेंटीमीटर दाबायला 25 किलो लागतात. मागे दर बाजूला 100 किलो वाढले, म्हणजे मागचा भाग 4 सेंटीमीटर खाली गेला. पुढे दर बाजूचे 25 किलो कमी झाले, म्हणजे पुढचा भाग 1 सेंटीमीटर वर आला. एकूण 5 सेंटीमीटरचा तिरपेपणा. डोळ्याला तो जेमतेम जाणवतो. पण दिव्याचा झोत सरळ रेषेत जातो, आणि 50 मीटर पुढे हाच तिरपेपणा जवळजवळ एक मीटर उंचीचा होतो. डिपरचा जो प्रकाश समोरच्या गाडीच्या बंपरच्या खाली पडायचा, तो नेमका ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर जातो. शिवाय पुढच्या चाकांवरचं वजन हलकं झाल्याने स्टिअरिंग सैल वाटतं, आणि ब्रेक लावताना ज्या पुढच्या चाकांनी जास्त काम करायचं त्यांचीच रस्त्यावरची पकड कमी झालेली असते. गाडी मागून बसते ही नुसती दिसण्याची तक्रार नाही, ती इथे प्रत्यक्ष धोका होते.

मालक मग पाटेवाल्याकडे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा दुरुस्त करणाऱ्याकडे, जातो. मुलुंडचा जुना चेकनाका, ठाण्याकडे जाणारे रस्ते, जिथे जिथे ट्रक थांबत आले तिथे तिथे पाटेवाले आहेत. जकात 2017 साली गेली आणि नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगाही ओसरल्या, पण ट्रकांचे पाटे तुटायचे काही थांबलेले नाहीत. तिथे गेल्यावर मागणी ठरलेली असते, मागे जाड पाटे टाका. पाटेवाला मनाचा भला असेल तर उलट विचारतो, गाडी बसलीये की नरम झालीये?

या एका प्रश्नात या विषयाची गुरुकिल्ली आहे. उंची आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाला ताठपणाचा नियम सापडला. त्या काळी शोध चोरीला जायची भीती असे, म्हणून 1676 मध्ये त्याने तो चौदा अक्षरांच्या विस्कटलेल्या कोड्यात छापला आणि दोन वर्षांनी, 1678 मध्ये, त्याची उकल जाहीर केली. नियमाचा आशय साधा आहे. स्प्रिंग जितकी ताणाल किंवा दाबाल, तितक्याच प्रमाणात ती उलट जोर लावते. पहिल्या सेंटीमीटरला 25 किलो लागले तर पुढच्या सेंटीमीटरलाही 25 किलोच लागणार. हा 25 किलोचा आकडा म्हणजे स्प्रिंगचा ताठपणा. ती भार पडण्याआधी किती उंच उभी होती, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

म्हातारा पाटा कमान सोडतो, सपाट होतो, गाडी खाली बसते. पण त्याची जाडी तीच असेल तर त्याचा ताठपणाही तोच राहतो, गेलेली असते ती फक्त उंची. अशा गाडीला जाड पाट्यांची गरज नसते, कंपनीच्या मापाचा नवा संच टाकला तरी पुष्कळदा प्रश्न सुटतो. उलट पाटे धडधाकट आहेत, रिकामी गाडी सरळ उभी आहे आणि ट्रेलर लावला की बसते, तर मात्र ताठपणा कमी पडतो आहे. औषध ठरवण्याआधी हे निदान व्हायला हवं. त्यासाठी एक टेप पुरते. सपाट जमिनीवर रिकाम्या गाडीच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजायचं, मग ट्रेलर लावून पुन्हा मोजायचं.

पाट्यांची चवड कधी निरखून पाहिली आहे? सगळ्यात वर सर्वांत लांब मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले डोळे, त्याखाली एकाहून एक आखूड होत गेलेले पाटे, आणि सगळ्यांच्या मधोमध आरपार गेलेला सेंटर बोल्ट. हा उतरता आकार काटकसरीसाठी असेल असं वाटतं. खरं कारण फार देखणं आहे. दोन्ही टोकांवर टेकलेली आणि मध्यावर भार घेणारी पट्टी मध्यावर सर्वांत जास्त वाकायला बघते, टोकांशी अजिबात नाही. म्हणून मध्ये जास्त धातू हवा आणि टोकांकडे कमी. एकाच जाडीच्या पत्र्यातून अशी आदर्श स्प्रिंग कापायची तर ती शंकरपाळ्याच्या आकाराची होईल, मध्ये रुंद आणि टोकांना निमुळती. पण हातभर रुंद शंकरपाळं चाकाशेजारी मावणार कुठे? मग त्याचे लांबीच्या दिशेने पट्टे कापायचे आणि ते एकावर एक रचायचे. मधला पट्टा सर्वांत लांब, कडेचे आखूड. झाली पाट्यांची चवड तयार! जुन्या कारागिरांनी अनुभवाने गाठलेला हा आकार वाकण्याच्या गणिताशी तंतोतंत जुळतो, हे कळलं त्या दिवसापासून मला ट्रकच्या मागे उभं राहणं कधी कंटाळवाणं वाटलेलं नाही.

भार आला की चवड सपाट होते आणि त्यामुळे लांबही होते. दोन्ही टोकं पक्की जखडली असती तर काहीतरी तुटलंच असतं. म्हणून एका टोकाला शॅकल असतो, एक छोटी झुलती कडी. ती पुढे-मागे डुलून पाट्याला लांब व्हायला वाव देते. त्याच वेळी एकेक पाटा शेजारच्या पाट्यावर घासत सरकतो आणि या घर्षणामुळे उसळी थोडी आपोआप निवते.

आता जाड पाट्यांचा मुद्दा. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 8 मिलिमीटरचे सहा पाटे आहेत असं धरा. त्यात तसाच सातवा पूर्ण कामाचा पाटा घातला तर ताठपणा साधारण 17 टक्के वाढतो. पण सहाही पाटे 9 मिलिमीटरचे केले, म्हणजे जाडी फक्त एका मिलिमीटरने वाढवली, तर ताठपणा 42 टक्के वाढतो. 10 मिलिमीटरचे केले तर जवळजवळ दुप्पट! दोन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली तीन एटीएम कार्डंही नाहीत, आणि गाडी वेगळीच होऊन जाते. हाच नियम उलटाही चालतो. वर्सोवा, गोराई, मनोरी अशा खाऱ्या वाऱ्याच्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे पाटे गंज खातो. 8 मिलिमीटरचा पाटा झिजून साडेसात झाला तर ताठपणा सुमारे 18 टक्क्यांनी घसरतो. वर्षानुवर्षं किनाऱ्यावर राहिलेली गाडी हळूहळू खरोखरच नरम होते.

जाडीची किंमतही मोजावी लागते. जाड पट्टी तितकीच वाकवली तर तिच्या पृष्ठभागावर जास्त ताण येतो आणि ती लवकर थकते. म्हणून थोडे जाड पाटे की पुष्कळ पातळ पाटे, हा कायमचा झगडा आहे. पातळ पाटे जास्त वाकू शकतात, जाड पाटे जास्त ओझं धरतात. आजकाल पुष्कळ व्यापारी गाड्यांत पॅराबोलिक पाटे येतात. त्यांत एकेका पाट्याची जाडीच मध्यापासून टोकाकडे कमी होत जाते, त्यामुळे दोन-तीन पाट्यांत भागतं आणि घासणंही कमी होतं. शंकरपाळ्याचं गणित इथे रुंदीऐवजी जाडीत उतरवलेलं आहे.

मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. पाटा भट्टीत लाल करून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून कडक केला की तो ताठ होतो असा सार्वत्रिक समज आहे. तसं होत नाही. खिडकीच्या गजाचं साधं लोखंड आणि उत्तम स्प्रिंगचं पोलाद यांचा ताठपणा जवळजवळ सारखा असतो. दोन्हींच्या एकाच मापाच्या पट्ट्या घेऊन तेवढंच वजन टांगलं तर दोन्ही तेवढ्याच लवतील. ताठपणा येतो लोहाच्या अणूंमधल्या ओढीतून, आणि ती ओढ भट्टी बदलत नाही. फरक पडतो तो परतण्यात. साधं लोखंड मीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर ताणलं की त्याच्या आतले अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि ते कायमचं वाकतं. स्प्रिंगचं पोलाद मीटरमागे सहा मिलिमीटरच्या आसपास ताणूनही मूळ जागी येतं, कारण साधारण 850 ते 900 अंशांवरून झटकन थंड केल्यावर आत अशी रचना तयार होते की थरांना घसरायला वाटच मिळत नाही. ताठपणा द्यायचं काम आकाराचं, आणि परत येण्याची ताकद द्यायचं काम भट्टीचं.

पाटेवाल्याच्या कामाची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. बसलेल्या पाट्याला कमान देताना तो पाहावा. मध्ये पोकळी ठेवलेल्या ऐरणीवर पाटा आडवा पडतो, कमानीची आतली बाजू वर. एकजण पाटा एकेक बोट पुढे सरकवतो, दुसरा घण घालतो. प्रत्येक घावाने पाटा केसभर वळतो. मधूनच तो उचलून नव्या पाट्यावर ठेवायचा, दोघांमधून उजेड कुठे दिसतो ते बघायचं, आणि पुन्हा घण. नजरेचं हे माप मोठमोठ्या यंत्रांना लाजवेल इतकं पक्कं असतं. पण या घावांनी गाडीला उंची मिळते, ताठपणा नाही, आणि पोलाद जुनंच असल्याने पाटा पुन्हा बसण्याची शक्यता राहते. कारखान्यात नव्या पाट्याच्या आतल्या, म्हणजे भाराखाली ताणल्या जाणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी छऱ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभागाचा पातळ थर आधीच दाबून बसतो आणि तडा सुरू व्हायला जागा मिळत नाही. भट्टीत पुन्हा लाल केलेला पाटा हा दाब गमावून बसतो. म्हणून जड ट्रेलर ओढायचा असेल तर जुन्याला कमान देण्यापेक्षा नवा संच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

जीपशी हे सगळं उपनगरांच्या इतिहासातूनही जोडलेलं आहे. 1945 साली सुरू झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी 1948 मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली, आणि तिने जोडलेल्या विलीज जीपचा वारसा कांदिवलीत आकुर्ली रोडच्या कारखान्यात वाढला. ती जीप चारही कोपऱ्यांत पाट्यांवरच उभी असायची, आणि दुसऱ्या महायुद्धात तिने पाव टनाचे ट्रेलर आणि 37 मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफाही ओढल्या. 2010 च्या थारपर्यंत मागे पाटेच होते. 2020 च्या थारमध्ये त्यांची जागा कॉइल स्प्रिंगने घेतली.

कॉइल पिळाची असते. दाबली की ती आखूड होते हे दिसतं, पण तिच्या तारेला आतून काय होतं ते दिसत नाही. तार दबत नाही, वाकतही नाही म्हटलं तरी चालेल. ती पिळली जाते. गुंडाळी उलगडून सरळ केली असती तर तो एक लांब गज झाला असता, आणि गाडी खड्ड्यात गेली की कुणीतरी त्या गजाला ओला कपडा पिळावा तसा पीळ देत आहे, असं आत घडत असतं. म्हणून इथे नियम आणखी तीव्र होतो. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. 13 मिलिमीटरची तार 14 ची केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी ताठपणा सुमारे 34 टक्के वाढतो. वेढे कमी केले की स्प्रिंग ताठ, वेढ्याचा घेर लहान केला की आणखी ताठ. दुकानात दोन कॉइल शेजारी ठेवून डोळ्यांनी फरक ओळखणं म्हणूनच फार अवघड असतं. तारेची जाडी व्हर्नियरने मोजावी.

पाटा ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतो, कॉइल ते करू शकत नाही. कॉइलच्या गाड्यांत ॲक्सल धरायला वेगळे दांडे लागतात. 2022 साली आलेल्या स्कॉर्पिओ-एनच्या मागच्या ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारी जी जोडणी आहे, ती मूळ जेम्स वॅटची. 1784 साली वाफेच्या इंजिनासाठी त्याने ती शोधली. तेव्हा चाकणला बनणाऱ्या गाडीच्या खाली अडीचशे वर्षांच्या आतबाहेरची ही भूमिती रोज रस्त्यावर धावते आहे.

मग भरपूर ताठ स्प्रिंगा टाकून मोकळं का होऊ नये? कारण गाडीला स्वतःची एक लय असते. स्प्रिंग गाडीच्या वजनाखाली किती दबलेली आहे, एवढ्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा डुलेल हे ठरतं. 25 सेंटीमीटर दबलेली असेल तर सेकंदाला एकदा, 10 सेंटीमीटर असेल तर दीडपेक्षा किंचित जास्त वेळा. माणसाची चालही सेकंदाला एक-दोन पावलांची, त्यामुळे ही लय शरीराला सवयीची असते. स्प्रिंग ताठ होत गेली की लय वाढते, आणि सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांच्या पट्ट्यात मानवी धड उभ्या कंपनांना सर्वांत जास्त वैतागतं.

यात आणखी एक मौज आहे. स्पीडब्रेकरवर आधी पुढची चाकं चढतात. ताशी 40 किलोमीटर वेगात मागची चाकं साधारण पाव सेकंदाने त्याच उंचवट्यावर येतात. पुढचा भाग आधीच वर-खाली होऊ लागलेला असतो, मागचा उशिरा सुरू होतो. दोघांची लय सारखी असेल तर गाडी बराच वेळ मागे-पुढे हिंदकळत राहते. 1930 च्या दशकात मॉरिस ऑली या अभियंत्याने दाखवून दिलं की मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली, तर मागचा भाग उशिरा निघूनही पुढच्याला गाठतो आणि हिंदकळणं लवकर विरतं. आता हुकावर ओझं टाकलं की काय होतं बघा. मागचं वजन वाढतं, मागची लय मंदावते, पुढची वजन घटल्याने किंचित वाढते, आणि ही काळजीपूर्वक जुळवलेली जोडी मोडते. ट्रेलर ओढणारी गाडी मान डोलवत जाते ती यामुळे. मागच्या स्प्रिंगा बेताने ताठ केल्या की जोडी पुन्हा जमते. पण ट्रेलर सोडून रिकामी गाडी आरेच्या रस्त्यावर घातली की मागचा ॲक्सल उड्या मारतो, आणि उडालेलं चाक ना ब्रेक लावू शकतं ना वळण धरू शकतं.

रिकामं आणि भरलेलं यांतला हा पेच सोडवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग आपण रोज अनुभवतो. तोही लोकलमध्ये. कारशेडमधून निघालेला रिकामा डबा आणि सकाळी नऊला घाटकोपर सोडणारा डबा, दोन्हींखाली तीच स्प्रिंग. रेल्वेच्या परिभाषेत आपल्या गर्दीला खास नाव आहे, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे चौरस मीटरमागे 14 ते 16 माणसं. एवढ्या फरकाला पुरेल अशी पोलादी कॉइल रिकाम्या डब्याला दगडासारखी लागेल. म्हणून 2007 नंतर आलेल्या नव्या गाड्यांमध्ये डब्याखाली हवेच्या स्प्रिंगा आल्या. जाड रबरी फुग्यात दाबाखालची हवा भरलेली असते. माणसं चढली, डबा किंचित खाली गेला, की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, आणखी हवा आत जाते आणि डबा पूर्वीच्या उंचीवर येतो. हवेचा दाब वाढला की तिचा ताठपणाही वाढतो, त्यामुळे डब्याची लय गर्दीत आणि रिकामेपणात जवळपास एकच राहते. अंधेरीला दारातून शेकडो माणसं उतरतात, तितकीच चढतात, आणि पायाखालचा हा फुगा त्या सगळ्यांचं वजन करून हवा सोडतो नि घेतो.

हीच कल्पना लहान रूपात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीलाही लागू पडते. कॉइलच्या पोकळीत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या मिळतात, ट्रेलर लावताना हवा भरायची, सोडला की काढायची. पाट्यांच्या गाडीत हेच काम हेल्पर पाटा करतो. तो एरवी अधांतरी असतो, गाडी ठराविक उंचीपर्यंत बसली की टेकतो आणि मग आपला ताठपणा घालतो. वर्षातून काही वेळाच ओढायचं असेल तर मी हाच मार्ग सुचवीन. रोज ओढणाऱ्यानेच पूर्ण ताठ संच घ्यावा.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. ताठ स्प्रिंग गाडीला सरळ उभी करते, बलवान करत नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर, चेसिस आणि ब्रेक जेवढ्या वजनासाठी बनले होते तेवढ्याचेच राहतात. दबलेली गाडी निदान दिसते तरी. सरळ उभी असलेली जादा लादलेली गाडी कुणाला संशयही येऊ देत नाही. त्यातून काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक दांडा ब्रेकच्या व्हॉल्व्हला जातो. गाडी बसली की व्हॉल्व्हला कळतं की ओझं आहे, मग तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. ताठ पाटे टाकल्यावर गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. हा दांडा नव्याने जुळवल्याशिवाय काम पुरं झालं असं मानूच नये. शॉक ॲब्सॉर्बरचंही तसंच, ताठ स्प्रिंगची उसळी जुन्या शॉकला आवरत नाही.

कायदाही इथे येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाहनात कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे अधोरेखित केलं. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते. कंपनीने त्याच मॉडेलसाठी मंजूर केलेला जड कामाचा संच उपलब्ध असेल तर तोच घ्यावा, आणि आरटीओत आधी विचारून घ्यावं.

बसवताना गडबड होते ती लहान जागी. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात नीट बसलं पाहिजे. ते तुटलं तर ॲक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने वापरू नयेत, एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाहीत. नवे पाटे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये एकमेकांत बसतात, त्यामुळे यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळू नयेत. नाहीतर आतल्या रबरी बुशालाही पीळ बसतो, तो स्वतःच एक छोटी स्प्रिंग आहे. गाडी चाकांवर उतरवून, दोन-तीनदा दाबून, ती आपल्या उंचीवर स्थिरावली की मगच पाना लावावा, म्हणजे बुशाचा शून्य बिंदू आणि गाडीचा शून्य बिंदू एकच राहतो.